गाडी जुनी झाली, की काळजी वाढली?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"मी ४४ वर्षांचा, इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर. घोडबंदर रोडला पातलीपाड्याजवळ राहतो, नोकरी महापेला. घरी आई-बाबा, बायको आणि अकरावीतली मुलगी. बाबांनी निवृत्तीच्या पैशातून २०११ साली पेट्रोल गाडी घेतली. येत्या जूनमध्ये तिला १५ वर्षं होतील, म्हणजे कायद्याने ती भंगारातच जाणार. ती काढून इलेक्ट्रिक गाडी घ्यावी असं माझं म्हणणं आहे. पाच वर्षांचा हिशेब एक्सेलमध्ये मांडून सगळ्यांना दाखवला. बाबा 'गाडी चालतेय ना? मग?' म्हणाले आणि उठून गेले. ते स्वतः मेंटेनन्स फोरमन होते, आकडे कळत नाहीत असं नाही. गेल्या पावसाळ्यात एका रात्री माजिवड्याजवळ त्यांनी गाडी दुभाजकाला घासली, तेव्हापासून मी हा विषय लावून धरलाय. बायको वाशीला नोकरीला जाते. ती म्हणते, 'तू सल्ला देत नाहीस, निकाल देतोस.' सोसायटीच्या सभेत मी बॅटरीचं रसायनशास्त्र समजावून सांगितलं, तरी कमिटीने चार्जिंग पॉइंटला नकार दिला. पूर्वी मिक्सर घ्यायचा तरी घरात मला विचारायचे. आता मुलगीही मोबाइल परस्पर निवडते. तिला लायसन्स न लागणारी इलेक्ट्रिक स्कूटर हवी आहे, त्यावरूनही वाद चालू आहे. मी सांगतो ते चुकीचं नसतं. मग ऐकत का नाहीत?"

नमस्कार.

गाडीबद्दल तुम्ही बरंच लिहिलंय आणि त्यातलं बहुतेक बरोबर आहे. एक गोष्ट मात्र बरोबर नाही, आणि तुमचा सगळा हिशेब नेमका तिच्यावर उभा आहे, म्हणून ती आधी घेते.

१५ वर्षं झाली की गाडी भंगारात, हा नियम महाराष्ट्रात खासगी गाड्यांना नाही. दिल्लीत जुन्या गाड्यांवर बंदीच्या बातम्या येतात, त्या वाचून आपल्याकडेही तसंच असणार असा अनेकांचा समज झालाय. इथे १५ वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. त्यासाठी फॉर्म २५ भरायचा, पर्यावरण कर भरायचा, गाडी तपासणीला न्यायची. पास झाली की पुढची पाच वर्षं ती रीतसर रस्त्यावर चालते. मुदत संपायच्या ६० दिवस आधीपासून अर्ज करता येतो, म्हणजे तुम्हाला एप्रिलपासून. पूर्वी नूतनीकरणाची फी ६०० रुपये होती, एप्रिल २०२२ पासून ती ५,००० झाली. २०१९ च्या एप्रिलआधीची गाडी असल्यामुळे नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट लागेल, विमा आणि पीयूसी चालू हवेत. एवढं केलं की बाबांच्या 'चालतेय ना? मग?' या प्रश्नाला कायद्याचं उत्तर 'चालू दे' असं आहे.

मेंटेनन्समध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला हे बहुधा माहीत असावं. तुम्ही शीट उघडून 'कायद्यानेच जाणार' म्हणालात, तेव्हाच त्यांनी पुढचं ऐकणं सोडलं असेल.

आता पत्रातल्या त्या वाक्याकडे येते. रात्री माजिवड्याजवळ दुभाजकाला गाडी घासली, 'तेव्हापासून' तुम्ही हा विषय लावून धरलाय. त्याआधी गाडी १४ वर्षांची होती, तेव्हा तुम्हाला तिचं मायलेज खुपत नव्हतं. शीटमध्ये पेट्रोल आहे, वीज आहे, सर्व्हिसिंग आहे, पुनर्विक्रीची किंमत आहे. ती रात्र नाही. तुम्हाला भीती वाटतेय ती बाबांच्या ड्रायव्हिंगची, आणि बोलताय मात्र इंजिनाबद्दल. हे लबाडीने केलंय असं मला अजिबात वाटत नाही. वडिलांना 'तुम्ही आता रात्री गाडी चालवू नका' म्हणायला जीभ रेटत नाही, म्हणून आकडे पुढे केले जातात. पण समोरच्याला आतलं कळतंच. त्यांना ऐकू आलं ते असं: माझी गाडी काढून घेतायत, आणि कारणही खोटं सांगतायत.

कंपनीत एखादी लाइन ट्रिप झाली तर तुम्ही दुसऱ्या दिवशी ती लाइन भंगारात काढत नाही, आधी कारण शोधता. त्या रात्रीचं कारण कोणी शोधलं? मी स्वतः बरीच वर्षं रबाळे एमआयडीसीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघितला आहे, म्हणून या कामाची सुरुवात कुठून करावी ते सांगते.

गाडीच्या पुढ्यात उकिडवे बसा आणि हेडलाइटच्या काचा बघा. त्या काचेच्या नसतात, प्लास्टिकच्या असतात, आणि उन्हात वर्षानुवर्षं उभ्या राहून पिवळट, धुरकट होतात. आतला बल्ब ठणठणीत असला तरी रस्त्यावर उजेड अर्धामुर्धाच पडतो. मग वायपरचं रबर बोटाने चाचपा. कडक झालं असेल तर ते पाणी पुसत नाही, काचेवर पसरवतं, आणि समोरून येणाऱ्या ट्रकचा दिवा त्या थरात फुटून सगळीकडे चमकतो. नंतर टायर. टायरच्या कडेला लंबगोलात चार आकडे असतात. ३२१८ असेल तर २०१८ सालच्या ३२ व्या आठवड्यात बनलेला. तुमच्याच म्हणण्यानुसार बाबा महिन्याला जेमतेम दीडशे किलोमीटर चालवतात, भाजीला, मित्राकडे आणि कधीतरी गडकरी रंगायतनला. इतक्या कमी वापरात टायरची नक्षी झिजत नाही, त्यामुळे तो नवाच वाटतो, पण रबर वयाने टणक होतं आणि ओल्या रस्त्यावरची पकड जाते. हे तिन्ही बदलायचा खर्च नव्या गाडीच्या विम्यापेक्षाही कमी येईल, आणि तो दुभाजक कदाचित यातच सापडेल.

कदाचित सापडणारही नाही. म्हणून दुसरी तपासणी बाबांची. ७३ व्या वर्षी मोतीबिंदू असणं अगदी सामान्य आहे, आणि रात्रीच्या दिव्यांचा त्रास हे त्याचं सुरुवातीचं एक लक्षण असतं. दिवसा त्यांना काही जाणवतही नसेल. ऑपरेशननंतर हा त्रास बहुतेकांचा खूप कमी होतो, म्हणजे ज्यावरून तुम्ही गाडी विकायला निघालात ती गोष्ट बरी होण्यासारखी असू शकते. लायसन्सही बघून घ्या. पन्नाशीच्या मध्यानंतर ते दर पाच वर्षांनी नवं करावं लागतं आणि डॉक्टरांचा दाखला लागतो, तेव्हा डोळे तपासायला तेही एक निमित्त होईल. पण निमित्ताच्या आड लपू नका. सरळ सांगा, "त्या रात्रीपासून तुम्ही उशिरा घरी आलात की मला धडकी भरते." हे वाक्य तुम्ही मला पत्रातही लिहिलेलं नाही, पण ते तिथे आहे.

एका रविवारी सकाळी त्यांच्या शेजारच्या सीटवर बसून ते नेतील तिथे जा. सल्ला द्यायचा नाही, फक्त बघायचं. ब्रेक उशिरा लागतोय का, लेन बदलताना मान वळते का, कापूरबावडीला गाड्या दोन्हीकडून घुसतात तिथे ते गोंधळतात का. हे सगळं व्यवस्थित असेल तर 'रात्री आणि मुसळधार पावसात रिक्षा, बाकी वेळी गाडी' एवढी तडजोड पुरेल, आणि ती त्यांनी स्वतःहून सुचवली तर टिकेलही. व्यवस्थित नसेल तर मग गाडी पेट्रोलची असो की विजेची, किल्ली खाली ठेवण्याबद्दल, म्हणजे त्यांनी चालवणं थांबवण्याबद्दल, बोलावं लागेल. ते बोलणं शीटशिवाय करा.

एका मुद्द्यावर मात्र मी तुमच्या बाजूने आहे, आणि तो तुम्ही मांडलाच नाहीत. सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) २०१९ च्या एप्रिलपासून आणि ड्रायव्हरची एअरबॅग त्याच वर्षीच्या जुलैपासून सक्तीची झाली. २०११ च्या साध्या गाडीत यातलं बहुधा काहीच नसेल. पैसे वाचतील हे सांगण्यापेक्षा 'ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला तर या गाडीची चाकं लॉक होतात' हे सांगणं फोरमनला जास्त पटेल, कारण त्यात त्यांचा विचार आहे. आणखी एक काळजी घ्यायची ती पेट्रोलची. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि या वयाची गाडी त्यासाठी बनवलेली नाही. इंधनाचे रबरी पाइप, सील तपासून घ्या. इथेनॉल ओलावा ओढतं, त्यामुळे पावसाळ्यात अर्धी टाकी ठेवून गाडी आठवडेच्या आठवडे उभी ठेवणं वाईट. आठवड्यातून एकदा अर्धा तास नीट चालवावी. पार्किंगमध्ये नुसतं इंजिन चालू ठेवल्याने भागत नाही.

आता तुमची इलेक्ट्रिक गाडी. घ्या. हे मी जपून वगैरे म्हणत नाही, तुमच्या प्रवासाला ती खरोखर योग्य आहे. पातलीपाडा ते कापूरबावडी हा टापू मेट्रोच्या खांबांमधून आणि ट्रकांमागून रोज रांगत जाणाऱ्याला पेट्रोल उभ्या उभ्या जळताना दिसतं. विजेच्या गाडीत उभं असताना एसीपुरतीच वीज जाते, आणि ब्रेक लावताना थोडी परतही मिळते. पण तिची तुलना तुमच्या आजच्या ये-जा करण्याच्या खर्चाशी करा. तुम्ही बाबांच्या गाडीचा खर्च वजा करून बचत दाखवली आहे. महिन्याला दीडशे किलोमीटर म्हणजे बारा-तेरा लिटर पेट्रोल, त्यात वाचून वाचणार काय? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीसाठी दुसरी बळी द्यायची गरज नाही, अर्थात पार्किंगच्या दोन जागा असतील तर. जागा एकच असेल तर प्रश्न गाडीचा नाही, जागेचा आहे, आणि तो तसाच मांडा.

शीटमध्ये एक दुरुस्ती करा. रोजचे ४५ किलोमीटर धरले तर महिन्याला हजारेक होतात. युनिटला सात किलोमीटर आणि चार्जिंगमधली तूट धरून १६० च्या आसपास युनिट लागतील. तुम्ही त्यांना बिलाचा सरासरी दर लावलाय. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो. घरचा वापर आधीच अडीचशे-तीनशे युनिट असेल तर ही वाढीव युनिटं बहुतेक वरच्या टप्प्यात पडतात. चार्जिंगसाठी वेगळा मीटर घेतला तर दराचा वर्गही वेगळा असतो. दोन्ही दर मांडून मगच ठरवा. तरीही पेट्रोलपेक्षा स्वस्तच पडेल, पण तुम्ही दाखवलं तितकं नाही. बाबांसारखा माणूस तो फरक लगेच पकडतो.

पावसाचंही सांगून ठेवते, कारण तुमचा रस्ता विटाव्यावरून जातो आणि रेल्वे पुलाखाली पाणी साचतं. बॅटरीला आयपी ६७ (पाणी-धुळीपासून बचावाचं मानांकन) आहे म्हणून पाण्यात गाडी घालायची नसते. ती चाचणी एक मीटर स्थिर पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवण्याची असते. वाहत्या, गढूळ, आत काय आहे ते न दिसणाऱ्या पाण्याची ती हमी नाही. बॅटरीवर आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी बहुतेक कंपन्या देतात. त्यात क्षमता किती टक्क्यांपर्यंत घसरली तर बदलून देणार, हे वाक्य कागदावर शोधा. सेल्समनच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

बाबांनाही ट्रायल ड्राइव्हला घेऊन जा, त्यांना विकायला म्हणून नाही तर त्यांचं मत हवं म्हणून. क्लच नाही, गिअर नाही, गुडघ्याला बरं. पण ॲक्सिलरेटर सोडताच गाडी स्वतःहून मंदावते आणि दाबला की एकदम उसळते, हे इतकी वर्षं पेट्रोल चालवलेल्या पायाला सवयीचं नसतं. मोकळ्या जागेत सराव लागतो.

तुमच्या पत्नीबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, पण शीटमधली एक ओळ पूर्णपणे तिच्यावर आहे: 'वाशीला ड्रॉप, रोज, बचत रिक्षा व लोकल पास.' तिला विचारलं होतंत का? ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची लोकल तिला वाशीला थेट नेते. ठाणे हे सुरुवातीचं स्टेशन, बसायला जागा मिळते. तोच तिचा दिवसातला एकटीचा वेळ असू शकतो, मैत्रिणींचा डबा असू शकतो. शिवाय महापे ओलांडून वाशी आणि परत महापे, हा फेरा तुमच्याच वेळेवर उठणार. निकाल म्हणजे काय, हे तिने तुम्हाला सांगितलंय. ज्याच्या दिवसाबद्दल ठरतंय तोच हजर नसताना ठरवलेली गोष्ट. मिक्सर, मोबाइल यांचंही तेच झालं असणार. लोक इंजिनिअरला विचारतात तेव्हा त्यांना 'यातलं कुठलं चांगलं' एवढंच हवं असतं. त्याऐवजी 'तुला हे कशाला हवंय' असं उत्तर मिळालं की पुढच्या वेळी ते परस्पर घेऊन येतात. पुढच्या वेळी कोणी काही विचारलं तर आधी विचारा, "कशासाठी वापरणार आहेस?" आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबा. तुमचं ज्ञान कमी पडलेलं नाही, ते वेळेच्या आधी येतंय.

सोसायटीचं काम तुम्ही समजताय त्यापेक्षा सोपं आहे, फक्त ते सभेत होणार नाही. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार घरच्या वीजजोडणीवरून स्वतःची गाडी चार्ज करता येते. हे अर्जात एका ओळीत लिहा, त्यावरून भांडू नका. कमिटीची भीती अडाणीपणाची नाही. सेक्रेटरीला उद्या काही जळलं तर सही कोणाची, हा प्रश्न आहे. त्याला बॅटरीतल्या लोहाचं आणि फॉस्फेटचं काय? त्याला हवा असतो परवानाधारक इलेक्ट्रिकल ठेकेदाराचा लोड रिपोर्ट, केबल कुठून जाणार याचं रेखाटन, स्वतंत्र एमसीबी (जास्त भार आला की बंद पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच), अर्थिंगच्या मोजणीचा कागद, आणि खर्च व जबाबदारी तुमची असं लेखी. हे फाइलला लावून, चहाच्या वेळी, त्यांच्या घरी जाऊन द्या.

लोडबद्दल त्यांना हेही सांगा की ३.३ किलोवॉटचा चार्जर म्हणजे साधारण एका इन्स्टंट गिझरएवढा भार, आणि तुमची रोजची भरपाई सव्वादोन तासांत होते. ती रात्री बारानंतर लावली तर पंप आणि लिफ्टच्या गर्दीच्या वेळेत येत नाही. पण गिझर दहा मिनिटं चालतो आणि हा तासन् तास, म्हणून भिंतीवरच्या साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर भागवू नका. सैल पिनेचं सॉकेट सतत भाराने तापतं, भोकांभोवतीचं प्लास्टिक आधी तांबूस पडतं, मग वास येतो. इंडस्ट्रियल सॉकेट किंवा कंपनीचा वॉल चार्जरच लावा. पार्किंग उघड्यावर किंवा पाणी साचणाऱ्या जागी असेल तर पॉइंट कमरेच्या वर घ्या.

हे सगळं करूनही नकार आला, तर तुमच्या कंपनीच्या पार्किंगमध्ये चार्जरसाठी विचारा. आठवड्याचे सव्वादोनशे किलोमीटर एका-दोन चार्जिंगमध्ये निघतात. त्यामुळे घरी पॉइंट मिळेपर्यंत तुमचं अडणार नाही. हा सल्ला अशाच नकाराशी झुंजणाऱ्या इतर वाचकांनाही लागू आहे: आधी किलोमीटर मोजा, पुष्कळदा घरचा चार्जर ही सोय असते, अट नसते.

राहिली लेकीची स्कूटर. २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या आणि २५० वॉटपर्यंतच्या गाडीला लायसन्स लागत नाही, हे तिचं बरोबर आहे. तरी घोडबंदरवर ती नको, या तुमच्या मताशी मी सहमत आहे. अवजड ट्रक पन्नासने जात असताना पंचविसाने चालणारी दुचाकी कडेला ढकलली जाते, आणि सर्व्हिस रोड तरी कुठे सलग मोकळा आहे. पण तिला नियम सांगू नका, तो तिला तुमच्याआधी माहीत होता. तिच्याबरोबर एकदा क्लासच्या वेळेला त्या रस्त्याने चालत जा, तिलाच ठरवू द्या. आणि जाताना टीएमटीच्या थांब्यावर थांबून बघा, त्या वेळेला बस खरंच येते का. ती येत नसेल तर स्कूटर मागण्यात तिचं चुकत नाहीये, आणि तिला सोडण्या-आणण्याची व्यवस्था घरातल्या मोठ्यांनी लावायला हवी. त्यात दिवसाच्या फेऱ्यांना आजोबांची गाडी धरता येते का, ते डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आल्यावर आजोबांनाच विचारा.